हितेंद्रचा चकोट

हितेंद्रचे केस गळायला लागलेत, हे सगळ्यात आधी कळलं ते न्हाणीघराच्या जाळीला. पाणी तुंबलं. ज्योत्स्नाने, म्हणजे त्याच्या बायकोने, जाळी उचलली, काडीने एक काळा गोळा बाहेर काढला आणि तो तसाच काडीवर धरून नवऱ्यापुढे आणला.

"हे माझे नाहीत," ती म्हणाली. "माझे लांब आहेत."

"मग पोरीचे असतील."

"पोरगी पुण्याला होस्टेलवर आहे. तिचे केस काय पाइपातून येतात का जळगावला?"

हितेंद्र आरशाकडे गेला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक, भल्याभल्यांच्या अर्जांवर त्रुटी काढणारा. पण स्वतःच्या डोक्यावरची त्रुटी त्याला दोन आरसे समोरासमोर धरल्याशिवाय दिसत नव्हती. त्याने धरले. दिसली. मागच्या बाजूला चांगली बशीएवढी होती.

आता केस काय, कुणाचेही जातात. पण हितेंद्र पडला सोनगीरच्या तोतारामचा मुलगा. तोतारामआबांचं वय शहात्तर, दात निम्मे गेलेले, गुडघे कुरकुरणारे, पण डोकं म्हणाल तर फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखं पांढरंशुभ्र आणि गच्च भरलेलं. तरुणपणी आबा वही, म्हणजे खानदेशी कथागीतं, गायचे. रात्र रात्र डफावर कथा गाणारी ती मंडळी. त्यांत आबा मधोमध उभे राहून मान हलवायचे तेव्हा त्यांची झुलपं डफाच्या आधी हलायची, असं गावातले म्हातारे अजून सांगतात. अशा बापाच्या पोटी आपण असे निघालो, हे हितेंद्रला फार लागलं होतं.

आणि आबाही काही कमी नव्हते. मागच्या दिवाळीला त्यांनी ओट्यावर चार माणसांदेखत मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आरे, आठे तं बठ्ठं पीकच बुडी गयं!" चारही माणसं खो खो हसली. हितेंद्रही हसला, पण तेव्हापासून तो सोनगीरला गेला नाही. अगदी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेलासुद्धा नाही. आखाजीला घरी न जाणं म्हणजे आमच्या खानदेशात काय पाप असतं ते सांगायला नको. त्याने ऑफिसच्या कामाचं कारण पुढे केलं आणि आबांना व्हिडिओ कॉल लावला तो डोक्यात टोपी घालून.

"पोऱ्या, घरमा टोपी काब्र घाली ऱ्हायना?" आबांनी विचारलं. "थंडी वाजी ऱ्हायनी का तुले?"

बाहेर ऊन चव्वेचाळीस अंशांचं होतं.

शेवटी ज्योत्स्नाने त्याला धरून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण होत्या. त्यांनी औषधाचं नाव काढण्याआधी सवयी विचारायला सुरुवात केली.

"आंघोळीला पाणी कसं घेता?"

"कडक."

"मे महिन्यात?"

"सवय आहे, मॅडम."

"डोकं पुसता कसं?"

हितेंद्रने दोन्ही हातांनी पुसून दाखवलं. बाईंनी डोळे मिटले. करपलेला तवा घासावा तसं ते पुसणं होतं.

"आणि ओले असतानाच विंचरता?"

"नाहीतर बसत नाहीत. लगेच हेल्मेट घालायचं असतं ना."

"ओल्या केसांवर हेल्मेट. बरं. सकाळी खाता काय?"

"चहा."

"दुपारी?"

"डबा. बरेचदा राहून जातो. मग चहा."

"रात्री झोप?" असं विचारल्यावर हितेंद्रने ज्योत्स्नाकडे पाहिलं आणि ज्योत्स्नाने त्याच्या खिशातल्या मोबाइलकडे. बाईंना कळलं. "आणखी काही?" त्यांनी विचारलं.

"रोज सकाळी हे एक मूठ केस धरून ओढून बघतात," ज्योत्स्ना म्हणाली.

"ओढून?"

"बघायला नको का, किती पडतात ते?" हितेंद्र म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, तुमचे केस गळत नाहीयेत, तुम्ही त्यांना हाकलताय. या सगळ्या सवयी बदला. आणि मुख्य म्हणजे काळजी करू नका. केसांच्या काळजीनेसुद्धा केस जातात."

इथे सगळं बिघडलं. तोवर हितेंद्र फक्त केसांची काळजी करायचा; आता आपण काळजी करतोय याचीही काळजी सुरू झाली. बाकी सवयी त्याने मनापासून बदलल्या, खोटं कशाला बोला. गार पाण्याने आंघोळ करायची ठरवली, तर मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी गिझरपेक्षा कडक यायचं. म्हणून आदल्या दिवशी बादली भरून ठेवायला लागला. टॉवेल सोडून ज्योत्स्नाच्या जुन्या सुती साडीने डोकं टिपायला लागला. हेल्मेटखाली धुतलेला रुमाल बांधायला लागला. नाश्ता सुरू केला, त्याने पोट तेवढं वाढलं. दिवेलागण झाली की मोबाइल बंद. ओढून बघायची सवय मात्र जाईना. एकदा बघितल्याशिवाय त्याला दिवस सुरू झाल्यासारखं वाटायचं नाही.

ऑफिसात त्याच्या शेजारच्या टेबलावर कुंदन बसायचा. पहूरकडचा पोरगा, घरची केळीची बाग. त्याला साहेबांचं दुःख बघवेना.

"साहेब, एक सांगू का? केळीच्या खांबाचं पाणी लावा. आमच्या काकांचं पुढचं सगळं गेलेलं होतं ना भो, आता भांग पाडतात ते."

"खरं सांगतो?"

"घरी आले की दाखवतो तुम्हाला. मी आणून देतो पाणी. फक्त गाळून घ्यायचं, थोडंसं लावायचं, चहा पिऊन होईस्तोवर ठेवायचं आणि लगेच धुवायचं. लगेच बरं का."

शनिवारी कुंदनने थंड पेयाच्या बाटलीत ते आणून दिलं. आता केळीचं काम करणारी माणसं बागेतले कपडे वेगळे ठेवतात, कारण तो चिकाचा डाग कपड्याबरोबरच जातो. पहूरच्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. पण हितेंद्र सोनगीरचा, बाजरी-कापसात वाढलेला. केळी त्याने फक्त सोलून खाल्लेली. शिवाय डोकं सरकारी. चहाभर वेळ ठेवून एवढा गुण, तर जास्त ठेवून किती, असा हिशोब त्याने केला. गाळायच्या भानगडीतही पडला नाही. गाळलं तर सत्त्व गाळण्यात राहील, हे त्याचं म्हणणं.

रविवारी दुपारी भरीत-भाकरी दाबून झाल्यावर त्याने अर्धी बाटली डोक्यावर ओतली, खसाखसा चोळली आणि चहा होईपर्यंत म्हणून कूलरसमोर लवंडला. भरीत, कूलर आणि रविवार. कोण जागं राहील? ज्योत्स्ना चहा घेऊन आली तेव्हा तो घोरत होता. ती बिचारी कप झाकून ठेवून गेली.

उन्हं उतरल्यावर हितेंद्र उठला. उशीही त्याच्याबरोबर उठली.

"ज्योत्स्ना!"

ती धावत आली. उशी त्याच्या डोक्याला चिकटून लोंबत होती. ओढून काढली तर अभ्र्यावर तपकिरी काळा डाग आणि त्यात बरेचसे केस. डोक्यावर उरलेले केस वाळलेल्या डिंकात बुडवल्यासारखे उभे, आणि कपाळावर, कानांवर, मानेवर ओघळांच्या काळपट रेघा.

"हा चीक आहे!" ज्योत्स्ना ओरडली. ती केळीच्या पट्ट्यातल्या नशिराबादची, तिने असे डाग पाहिले होते. "केळीचा चीक कुणी डोक्याला लावून झोपतं का? माझा अभ्रा गेला! आईने भरलेला होता तो!"

"माझं डोकं गेलंय आणि तुला अभ्र्याचं पडलंय!"

"डोकं तुम्ही स्वतः घालवलं. अभ्र्याने काय केलं होतं?"

मग शांपू झाला, लिंबू झालं, भांड्याचा साबण झाला. डाग थोडा फिका झाला, पण साबण डोळ्यांत जाऊन डोळे लालभडक झाले, आणि प्रत्येक धुण्याबरोबर केसांचा एकेक पुंजका हातात यायला लागला. शेवटी डोक्यावर इकडे एक बेट, तिकडे एक बेट असा प्रकार उरला. उद्या ऑफिस. हितेंद्रने आरशात पाहिलं, एक लांब श्वास घेतला, हेल्मेट घातलं आणि कोपऱ्यावरच्या वना न्हाव्याच्या सलूनमध्ये जाऊन बसला.

"सगळं काढून टाक, वना," तो म्हणाला. "चकोट कर."

वनाने आरशातून त्याच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं. मग टीव्हीवरची गाणी बंद केली, बाकावर खिदळणाऱ्या दोन पोरांना डोळ्यांनी दटावलं आणि अगदी हलक्या हाताने डोक्यावर पाणी मारलं. त्या गार पाण्याने आणि पंख्याच्या वाऱ्याने हितेंद्रचे जळजळणारे डोळे आपोआप मिटले. ते उघडले तेव्हा डोकं गुळगुळीत झालं होतं. आणि मिशीही नव्हती.

"अरे, मिशी?"

"ती पण काढावी लागते ना, साहेब," वना समजुतीच्या आवाजात म्हणाला. हितेंद्रने पाकीट काढलं तर त्याने हात धरला. "राहू द्या. आजच्या दिवशी नाही घेत मी."

किती भला माणूस, असं मनात म्हणत हितेंद्र घरी निघाला. बाप जिवंत असताना आपल्याकडे कुणी मिशी उतरवत नाही. डोकं आणि मिशी दोन्ही एकदम गेली म्हणजे घरातलं कोण गेलं हे विचारावं लागत नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण डोक्यात चोवीस तास केस असले की दुसरं काही सुचायला जागा राहत नाही.

पहिल्या मजल्यावर कोकिळाताई दारात बसून मेथी निवडत होत्या. जिन्यात पावलं वाजली म्हणून त्यांनी वर पाहिलं. गुळगुळीत डोकं, बोडका ओठ, लाल डोळे. त्यांच्या हातातली जुडी खाली पडली आणि हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला. हितेंद्रला इतकी लाज वाटली की काय करावं न सुचून त्याने त्यांना हात जोडले आणि खाली मान घालून वर गेला.

ज्योत्स्नाने दार उघडलं आणि किंचाळली, "आबा!"

ती किंकाळी जिन्यातून थेट खाली पोचली.

"अगं, आबांना काय झालंय? चकोट केला मी नुसता."

"आणि मिशी?"

"वनाने काढली. मला डुलकी लागली होती."

 आधी भीतीने आणि मग सुटकेने ज्योत्स्नाला जे रडू फुटलं, ते काही केल्या आवरेना. तेही खाली ऐकू गेलं. कोकिळाताई म्हणजे दुसऱ्याच्या दुःखात स्वतःचं काम टाकून धावणारी बाई. त्यांनी मेथी बाजूला सारली. हितेंद्रच्या वास्तुशांतीच्या फोटोंत आबांचा एक झकास फोटो होता, तो शोधला, त्याला फुलांची चौकट लावून घेतली आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो ऑफिसच्या ग्रुपवर गेला, तिथून नातेवाइकांच्या. हितेंद्रला यातलं काही कळायचा प्रश्नच नव्हता. दिवेलागण झाली तसा डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे त्याचा मोबाइल बंद झाला होता, आणि ज्योत्स्नाचा तिने स्वतःच बंद केला होता. तिचं डोकं दुखत होतं.

सकाळी बेल वाजली. दारात कोकिळाताई, हातात झाकलेलं ताट.

"पिठलं-भाकरी आणलीय. चूल पेटवू नका आज," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

"का?" हितेंद्रने विचारलं.

ताईंनी त्याच्याकडे फार कणवेने पाहिलं. मागे पांढरे कपडे घातलेली सोसायटीतली पाच-सहा माणसं उभी होती. तेव्हा कुठे हितेंद्रच्या गुळगुळीत डोक्यात उजेड पडला.

"अहो ताई, आबा आहेत! ठणठणीत आहेत! मी केस काढले ते केळीच्या चिकामुळे!"

 कोकिळाताईंनी ज्योत्स्नाला बाजूला घेतलं आणि कुजबुजल्या, "यांना एकटं सोडू नकोस हं. माझ्या दिरांचंही असंच झालं होतं. आठ दिवस मानायलाच तयार नव्हते."

हितेंद्रने मोबाइल सुरू केला. तो हातात माशासारखा तडफडायला लागला. त्याने ग्रुपवर लिहिलं: आबा सुखरूप आहेत, कृपया अफवा पसरवू नये. लगेच उत्तरं आली. "धीर धरा, हितेंद्रभाऊ." "मन मानत नाही हो लवकर." एकाने लिहिलं, "आबा आपल्या सगळ्यांत आहेतच."

"आबांनाच फोन लावा ना!" ज्योत्स्ना म्हणाली.

त्याने लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. आबांचा फोन बंद कधी नसायचा, कारण तो बंद कसा करायचा हे त्यांना माहीत नव्हतं. तेवढ्यात सुरतेहून चुलतभाऊ भूषणचा फोन आला. आवाज बसलेला.

"निघालोय मी. नवापूर सोडलं. मी पोचेपर्यंत आबांना उचलू नका रे."

"भूषण, अरे आबा आहेत!"

"कुणी सांगितलं?"

"मी सांगतोय ना!"

"तू बोललास त्यांच्याशी?"

"फोन बंद येतोय."

 "मग तुला काय माहीत?" भूषण म्हणाला.

इथे मात्र हितेंद्रही डगमगला. खरंच, आपल्याला काय माहीत? आपण शेवटचं बोललो ते आखाजीला, टोपी घालून. एवढे लोक म्हणतायत. आपल्या चकोटामुळे म्हणतायत हे खरं, पण योगायोग काय घडत नाहीत? बापाचं वय शहात्तर, घरात दुसरं कुणी नाही, ऊन असं रणरणतं. बाहेर कुणी आहे याची शुद्ध न ठेवता त्याने चपला घातल्या.

खाली कुंदन गाडी घेऊन आलाच होता, पांढरा शर्ट घालून. त्याने साहेबांचं डोकं पाहिलं. मग कानामागची तपकिरी रेघ पाहिली. चेहरा पडला.

"साहेब, पाणी किती वेळ ठेवलं होतं?"

"गाडी काढ," हितेंद्र म्हणाला. "सोनगीर."

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. मागच्या सीटवर ज्योत्स्ना सारखा नंबर फिरवत होती आणि सारखी मान हलवत होती. कुंदन दर थोड्या वेळाने "मी सांगितलं होतं ना भो, लगेच धुवा म्हणून," असं रडवेल्या आवाजात पुटपुटत होता. हितेंद्रला काही ऐकू येत नव्हतं. त्याला सोनगीरचा बाजार आठवत होता. लहानपणी आबा त्याला खांद्यावर बसवून बाजारात न्यायचे. धरायला दुसरं काही नसायचं, म्हणून तो दोन्ही मुठींत आबांचे केस धरायचा. डावीकडे जायचं असलं की डावी मूठ ओढायची, उजवीकडे जायचं असलं की उजवी. रेवड्यांच्या दुकानासमोर तर दोन्ही मुठी एकदम. आबा "आरे, बैल शे का मी?" म्हणत हसायचे आणि बरोबर तिथे थांबायचे. मूठ उघडली की हाताला खोबरेलाचा आणि तंबाखूचा वास यायचा. इतकी वर्षं इतके ओढले, पण त्या डोक्यातला एक केस कधी हाताला लागला नाही. आणि आपण काय केलं? त्या म्हाताऱ्याने एकदा चेष्टा केली म्हणून आखाजीला गेलो नाही.

धुळ्याच्या अलीकडे त्याला हुंदका फुटला. "आबा एकदा दिसू देत," तो म्हणाला. "मग केस नसले तरी चालतील." कुंदनने गाडी आणखी जोरात हाणली.

गाडी सोनगीरच्या गल्लीत शिरली. घरासमोर चपलांचा ढीग होता. दोन रिक्षा, एक जीप. ओट्यावर टोप्यांची गर्दी, आत बायकांचा आवाज. मुलाचं डोकं पाहताच गर्दीने आपोआप वाट करून दिली. तो अडखळत, रडत त्या वाटेने ओटा चढला.

ओट्यावर खाटेवर तोतारामआबा बसले होते. हातात चहाची बशी, पांढरे केस पाणी लावून मागे फिरवलेले. त्यांनी बशीतून वर पाहिलं, मुलाचं डोकं पाहिलं आणि ओठ पाहिला.

"कोण गया रे, हितेंद्र?" त्यांनी घाबरून विचारलं.

हितेंद्रने त्यांचे पाय धरले. "कोणी नही, आबा. कोणीच नही."

"मंग मिशी?"

"न्हावीनी काढी."

"आनी तू काय करी ऱ्हायंता तवय?"

"झोप लागी गयथी."

आबांनी कपाळाला हात लावला. खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या म्हाताऱ्यांमध्ये खसखस पिकली. हितेंद्र पायांवरून उठेना. त्याचे खांदे गदगदत होते.

"ऊठ, रडू नको," आबा हळूच म्हणाले. "लोकेस्ले खरं वाटी."

मग एकेक उलगडलं. पहाटेपासून फोन सुरू झाले होते. "जो तो इचारे, आबा कधी गयात?" आबा सांगत होते. "मी सांगू, मीच बोली ऱ्हायनू. तं त्या फोनच ठेई देत. शेवट शेजारना पोऱ्याकडथीन बंद करी टाका." तोवर माणसं यायला लागली. पहिले आले दोंडाईच्याचे पितांबर, आबांच्या वहीच्या फडातले, मागे सूर धरणारे झीलकरी.

"पहिली गाडी धरीसन उनू मी!" पितांबरबाबा अजून चिडलेलेच होते. "वाटमा दोनदाव रडनू. गल्लीना तोंडले परत रडाले लागनू. दखस तं हाऊ आठे दात घशी ऱ्हायंता!"

"मंग परत कसा नही गया?" आबांनी विचारलं.

"भाडं खर्च करेल शे. आते जेवाबिगर जाऊ का?"

पितांबरच्या मागून नरडाण्याचा एक, शिंदखेड्याचे दोघे. जवळजवळ अख्खा फड जमला होता. ज्याला कळायचं त्याला ओट्यावर चढताच कळत होतं, तो आधी शिव्या देत होता आणि मग चपला काढून बसत होता. आत शेजारणींनी वरणाचं आधण ठेवलं होतं. ज्योत्स्ना डोळे पुसून पदर खोचून त्यांच्यात गेली. मध्येच भूषण पोचला, आबांना बघून त्यांच्या गळ्यात पडला आणि मग हितेंद्रच्या पाठीत एक सणसणीत गुद्दा घातला.

"दख पोऱ्या," आबा हितेंद्रला जवळ ओढून म्हणाले, "दहा वरीस व्हई गयात. मी बलावू, तं कोणाना गुडघा दुखे, कोणले दिसे नही, कोणले पोऱ्या धाडे नही. लगीनले उनात नही, आखाजीले उनात नही. आज बठ्ठा उनात." त्यांनी ओट्यावरच्या टोप्यांवरून नजर फिरवली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तू बी उना."

 हितेंद्रने मान हलवली.

"फक्त एक उना नही," आबा म्हणाले.

न आलेला तो एक म्हणजे शिरपूरचा हिलाल. डफ वाजवणारा. आबांची मान आणि हिलालचा डफ, तीस वर्षं एकमेकांना सोडून हलले नव्हते. पण हितेंद्रच्या आईच्या तेराव्याला पंगतीत बसून हिलाल बोलून गेला, वरणात मीठ कमी आहे. आबांचं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं. त्यांनी त्याला पानावरून उठवलं. तेव्हापासून दोघे एकमेकांच्या गावावरून गेले तरी खाली उतरले नाहीत.

"येतीन त्या," हितेंद्र म्हणाला.

"तो? तो नही येवाना. मी खरंच मरनू तरी नही येवाना." आबांनी बशी खाली ठेवली. चहा तसाच होता.

तेवढ्यात हितेंद्रचा फोन वाजला. अनोळखी नंबर. त्याने कानाला लावला.

"हितेंद्र का रे बेटा? मी हिलाल. शिरपूरथीन." म्हाताऱ्याचा आवाज फाटला होता. "मी आयकं ते... ते खरं शे का?"

हितेंद्रने फोनवर हात ठेवला. "हिलालकाका," तो म्हणाला.

 पितांबरने तोंडातलं पान थांबवलं. हितेंद्र सकाळपासून जगाला ओरडून सांगत होता की बाप जिवंत आहे आणि कुणी ऐकायला तयार नव्हतं. आता पहिल्यांदाच कुणीतरी खरं काय ते विचारत होतं. त्याने आबांकडे पाहिलं.

 आबांनी खाटेवर पाय लांब केले, आडवे झाले, उपरणं गळ्यापर्यंत ओढलं, दोन्ही हात छातीवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. मग एक डोळा किलकिला करून मुलाकडे पाहिलं.

हितेंद्रने आपल्या गुळगुळीत डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि फोन परत कानाला लावला.

"या काका," तो म्हणाला. "बठ्ठा तुम्हनी वाट दखी ऱ्हायनात."

पलीकडून हुंदका ऐकू आला. मग फोन बंद झाला. आबा ताडकन उठून बसले.

"काय म्हने?"

"काही नही. रडी ऱ्हायंतात. निघतीन आते."

आबांनी उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं, तिथेच थोडा वेळ धरून ठेवलं. मग घराच्या आत तोंड केलं आणि हाक मारली, "बेटी ज्योत्स्ना, वरणनं मीठ एकदाव चाखी ले व."